बास्करविलचं मृत्युपत्र आणि बाबांचं

बाबा बर्मिंगहॅमला माझ्याकडे आले होते तेव्हाची गोष्ट. सेंटेनरी स्क्वेअरमध्ये बास्करविल हाउस नावाची मोठी इमारत आहे आणि तिच्यासमोर दगडी अक्षरं उभी आहेत. पांढऱ्या पोर्टलंड दगडाची, माणसाच्या उंचीची, सगळी उलटी. मी रोज तिथून ऑफिसला जाते, पण ती वाचायचा प्रयत्न मी कधीच केला नव्हता. बाबा थांबले, पहिल्या अक्षराच्या कडेवरून बोट फिरवलं आणि एका दमात म्हणाले, "व्हर्जिल." चौतीस वर्षं पुण्यात एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची उलटी अक्षरं, जुळवले त्यांनी. उलटं अक्षर त्यांना सुलट दिसतं.

जॉन बास्करविल हा अठराव्या शतकातला इथलाच मुद्रक. १७५७ साली त्याने छापलेलं पहिलं पुस्तक म्हणजे व्हर्जिल या रोमन कवीच्या कविता. ते स्मारक त्याच पुस्तकाचं आहे, आणि ज्या जागेवर ते उभं आहे ती बास्करविलच्याच आठ एकरांतली. त्या जागेला तो ईझी हिल म्हणायचा. बाबांनी तिथेच बाकावर बसून मला ठसा म्हणजे काय (धातूवर कोरलेलं मूळ अक्षर), त्यावरून साचा कसा घेतात आणि साच्यात शिसं ओतून खिळा कसा पाडतात ते पुन्हा एकदा सांगितलं. लहानपणी शंभरदा ऐकलेलं. त्या दिवशी मात्र मी नीट ऐकलं.

त्यानंतर काही वर्षांनी, ऐन दिवाळीत फोनवर बाबा म्हणाले, "मला मृत्युपत्र करायचंय. तू आलीस की बसू." मागून आईचा आवाज आला, "सणासुदीला काय हे अभद्र." फोन ठेवल्यावर मला कळेना, सुरुवात कुठून करायची. वकील गाठता आला असता, पण मला आधी स्वतःला समजून घ्यायचं होतं की माणूस आपलं सगळं वाटून टाकायला बसतो तेव्हा कागदावर काय उतरवतो. बास्करविल आठवला. त्याचं मृत्युपत्र प्रसिद्ध आहे, वेगवेगळ्या पुस्तकांत छापलेलं आहे. शनिवारी लायब्ररी ऑफ बर्मिंगहॅममध्ये जाऊन मी ते काढून बसले.

पहिल्या वाचनात फारसं हाती लागलं नाही. सगळी कायद्याची भाषा, आणि त्यातला नेहमीचा भाग कुठला आणि त्याचा स्वतःचा कुठला, तेच उमगेना. म्हणून मी उलट दिशेने गेले. लंडनजवळ क्यू इथे राष्ट्रीय अभिलेखागार आहे. कँटरबरीच्या प्रेरॉगेटिव्ह कोर्टात, म्हणजे मृत्युपत्रं मंजूर करणाऱ्या चर्चच्या कोर्टात, मंजूर झालेली मृत्युपत्रं तिथे आहेत, १३८४ ते १८५८ या काळातली, दहा लाखांहून जास्त. त्यांच्या प्रतिमा संगणकावर उतरवून घेता येतात. मी अठराव्या शतकातल्या साध्या धंदेवाल्यांची डझनभर घेतली: मेणबत्तीवाला, कातडी कमावणारा, कापडवाला, एक कुलूप बनवणारा.

ही मूळ पत्रं नसतात, कोर्टाच्या कारकुनाने वहीत उतरवून घेतलेल्या नकला असतात. पहिलं पान वाचायला मला तीन संध्याकाळी लागल्या. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, एकच वाक्य पान उलटेपर्यंत चाललेलं. 'एस' अक्षर 'एफ'सारखं लांब. मी वहीत प्रत्येक अक्षराचे नमुने काढले, घरी बाराखडी गिरवल्यासारखे. तिसऱ्या मृत्युपत्रापर्यंत डोळा बसला.

डोळा बसल्यावर त्यांचा साचाही दिसायला लागला. "ईश्वराच्या नावे, आमेन" अशी सुरुवात. शरीराने अशक्त पण मनाने शाबूत आहे, ही ग्वाही. हे वाचताना हसू आलं, कारण आपल्याकडच्या मृत्युपत्रात "शरीर-मनाने स्वस्थ असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुषीने" असं जे लिहितात त्याचं हे थेट पूर्वज. मग आत्मा देवाला, शरीर मातीला. कर्जं आणि अंत्यविधीचा खर्च आधी भागवा. मग बायको. बहुतेकदा तिला घर मिळतं ते ती हयात असेपर्यंत, आणि पुष्कळदा ती विधवा राहील तोवरच. पुन्हा लग्न केलं की घर मुलांकडे. धंद्याची अवजारं, तयार माल, दुकानाचा भाडेपट्टा असं सगळं थोरल्याला किंवा जो धंदा शिकलाय त्याला. मुलींना रोख रक्कम, एकवीस वर्षांची झाल्यावर किंवा लग्नाच्या दिवशी. भाऊ-मित्रांना शोकाची अंगठी करायला एखादी गिनी. मोलकरणीला कपडे. परगण्यातल्या गरिबांना थोडं. आणि एखाद्या मुलाला नुसता एक शिलिंग, म्हणजे त्याला विसरलो नाही, जाणून दिलं नाही, एवढं कागदावर राहावं म्हणून. हा एक शिलिंग वाचताना मला दर वेळी घशाशी यायचं.

जमीन द्यायची असेल तर १६७७च्या कायद्याने तीन साक्षीदार लागायचे. आणि लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावे मालमत्ता धरता येत नसे, नवरा असेतो जे तिचं ते त्याचं. म्हणून बायकोला किंवा लेकीला काही पक्कं द्यायचं तर ते आधी विश्वस्तांच्या हाती सोपवावं लागे. हे कळलं आणि मी बास्करविलकडे परत गेले.

त्याच्याबद्दल थोडं सांगायला हवं. वुस्टरशर परगण्यातल्या वुल्व्हर्लीचा हा माणूस, जन्म १७०६च्या सुमाराचा. बर्मिंगहॅमला आला तो सुलेखन शिकवायला. थडग्यांवरची अक्षरंही कोरून द्यायचा. त्याने दुकानासाठी कोरलेली पाटी, "कुठल्याही वळणात थडग्याचे दगड कोरून मिळतील" अशी, अजून लायब्ररीत आहे. एका छोट्या स्लेटवर चार-पाच वळणं, आणि प्रत्येक वळण एका वेगळ्या हाताचं वाटावं इतकं निराळं. पण पैसा त्याने अक्षरांत नाही कमावला. तो कमावला जपानिंगमध्ये, म्हणजे पत्र्याच्या तबकांवर, पेट्यांवर लाखेसारखा चकचकीत थर चढवण्याच्या धंद्यात. त्या पैशावर घर बांधलं, गाडी ठेवली, आणि पन्नाशीला टेकल्यावर स्वतःचे ठसे कोरून घेतले, स्वतःची शाई केली, कागद गुळगुळीत करायची युक्ती काढली आणि छापायला बसला. केंब्रिज विद्यापीठासाठी १७६३ साली त्याने छापलेलं बायबल सुंदर ग्रंथांत मोडतं. छपाईत त्याने घातलं जास्त, मिळवलं कमी.

आणि सारा. सारा ईव्ह्ज ही त्याच्या घरी राहायला आली ती घर सांभाळणारी म्हणून, मुलांना घेऊन. तिचा नवरा रिचर्ड ईव्ह्ज फसवणुकीच्या भानगडीत सापडून परागंदा झाला होता. तो जिवंत असेतो तिला दुसरं लग्न करता येत नव्हतं. चौदाएक वर्षं ती आणि बास्करविल एका छताखाली राहिले, गावाच्या नजरा झेलत. १७६४मध्ये ईव्ह्ज वारला आणि त्याच वर्षी १ जूनला दोघांनी लग्न केलं.

आता मृत्युपत्राची पहिली ओळ. तारीख ६ जानेवारी १७७३. "ईश्वराच्या नावे" नाही. "नोंद," असं सुरू होतं. आणि पहिलं कलम: माझ्या एक्झिक्युटरांच्या, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणाऱ्यांच्या, हाती दोन हजार पौंड विश्वासाने देतो, लग्नाआधी माझी पत्नी सारा हिच्याशी जो करार केला होता तो पुरा करण्यासाठी.

हे मी आधी दोनदा वाचून सोडून दिलं होतं. बारा मृत्युपत्रं वाचून आल्यावर ते माझ्या अंगावर आलं. इतर सगळे बायकोला 'देतात'. हा म्हणतो, मी तिचं देणं लागतो. लग्नाच्या आधी, म्हणजे ती अजून त्याच्या घरची मोलकरीण म्हणवली जात होती तेव्हा, त्याने कागद करून ठेवला होता. देणगी नाही, देणं. धंदेवाल्याच्या मनात या दोन शब्दांत केवढं अंतर असतं! देणगी घरचे लोक कुरकुरत कापू शकतात. देणं आधी चुकवावं लागतं.

मी रात्री बाबांना फोन करून हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुझ्या आईच्या बांगड्या मी एकदा गहाण टाकल्या होत्या. छापखान्याने चार महिने पगार दिला नव्हता तेव्हा. सोडवल्या, पण दोन कमी आल्या. ते लिहून ठेव कुठेतरी."

लिहून ठेवलं.

पुढची कलमं मी पटापट सांगते. घरातलं सामानसुमान सगळं साराला. प्रोटेस्टंट डिसेंटरांच्या, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेर राहिलेल्या लोकांच्या, बर्मिंगहॅममधल्या धर्मादाय शाळेला पाचशे पौंड, ऐसपैस इमारत बांधता यावी म्हणून. देवस्थानाला काही नाही, शाळेला आहे, हे नजरेत भरतं. एक्झिक्युटर दोघं, एडवर्ड पामर आणि जोसाया ॲशविन. त्यांच्या मनाचा सच्चेपणा मला ठाऊक आहे, असं लिहून त्या दोघांना प्रत्येकी सहा गिनी, अंगठीसाठी, "आठवण म्हणून ते ठेवतील अशी आशा." एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. एवढ्या मोठ्या जबाबदारीचा मेहनताना सहा गिनी, आणि तरी त्या वाक्यात जो जिव्हाळा आहे तो इतर बारा मृत्युपत्रांत मला कुठेही भेटला नाही.

आणि मग ते कलम, ज्याच्यासाठी हे मृत्युपत्र ओळखलं जातं. वरचं सगळं सामान साराला मिळेल ते एका स्पष्ट अटीवर. तिने एक्झिक्युटरांच्या सोबतीने माझं शरीर माझ्याच आवारातल्या शंकूच्या आकाराच्या इमारतीत पुरावं. पूर्वी ती पवनचक्की होती, नुकतीच मी ती उंच करून रंगवून घेतली आहे, आणि आत तळघर तयार ठेवलं आहे. "पुष्कळांना ही लहर वाटेल. असेलही. पण ही लहर मी पुष्कळ वर्षांपूर्वी पक्की केलेली आहे." कारण, तो सांगतो, अंधश्रद्धेचा, मंतरलेल्या, म्हणजे चर्चने पवित्र ठरवलेल्या, जमिनीच्या थोतांडाचा मला मनापासून तिटकारा आहे. लोक ज्या गूढ तत्त्वांवर विश्वास असल्याचं सांगतात त्यांची त्यांना घोड्याइतकीही कल्पना नसते. देवाशी आणि माणसांशी माणसाने वागायची सगळी कर्तव्यं म्हणजे नीती, आणि तीच माझा धर्म होती. बोलल्याप्रमाणे चाललो की नाही, ते माझ्या आयुष्याला विचारा.

थडग्यावरचा मजकूरही त्याने स्वतः लिहिला होता. वाटसरू, या शंकूखाली, न मंतरलेल्या जमिनीत, माणसाच्या स्वातंत्र्याच्या एका मित्राने आपलं शरीर ठेवायला सांगितलं. हे उदाहरण तुझं मन अंधश्रद्धेच्या फुकट भीतीपासून आणि पुरोहितांच्या कपटापासून सोडवायला कामी येवो.

बायबल छापणारा माणूस हा. प्रार्थनेची पुस्तकं छापणारा.

मला ते वाचून राग आला. लायब्ररीतून बाहेर पडले तरी उतरेना. स्वतःला जे पटलं ते स्वतःच्या जिवावर करावं. इथे करायचं कुणी? साराने. ज्या गावाने तिला चौदा वर्षं नावं ठेवली, त्याच गावात आता तिने नवऱ्याला पवनचक्कीत पुरायचं, आणि नाही केलं तर खुर्ची-पलंग-भांडी हातची जाणार. पहिल्या कलमात एवढा मान आणि इथे एवढी जबरदस्ती. फोनवर बाबांना मी तावातावाने हे सगळं सांगितलं.

बाबा म्हणाले, "अगं, उलट बघ. अट नसती तर काय झालं असतं?"

"काय?"

"त्याचे पुतणे-भाचे, गावचा पाद्री, शेजारीपाजारी, सगळे तिच्या मागे लागले असते. 'तो गेला तो गेला, आता तू तरी शहाणपणाने वाग, रीतीप्रमाणे कर.' तिने नाही म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, बाईनेच विटंबना केली. आता तिला म्हणता येतं, मी काय करू, नाही पुरला तर मी उघड्यावर पडेन. तिच्यावरचा बोल त्याने स्वतःवर घेतला. म्हणून तर कारणंही लिहून ठेवली इतकी. नाहीतर जागा सांगून गप्प बसला असता."

मी खरंच असं बघितलं नव्हतं. बास्करविलच्या मनात हेच होतं की नाही, ते कागद सांगत नाही. पण त्या दिवसापासून मला ते कलम बाबांच्याच डोळ्यांनी दिसतं.

८ जानेवारी १७७५ रोजी बास्करविल वारला आणि साराने त्याला शंकूखाली पुरला.

बाबांचा पुढचा प्रश्न ठरलेला होता: "ठशांचं काय केलं?" साराने ते सांभाळले, विकायला गिऱ्हाईक शोधलं. इंग्लंडमध्ये कुणी पुढे आलं नाही. १७७९मध्ये फ्रेंच नाटककार बोमार्शेने ते ३,७०० पौंडांना घेतले, व्हॉल्टेअरचे समग्र ग्रंथ छापण्यासाठी. फ्रान्समध्ये ते छापायची सोय नव्हती म्हणून ऱ्हाइनच्या पलीकडे केल या गावी छापखाना घातला. ठसे मग फ्रान्समध्ये हातोहात फिरले आणि १९५३ साली पॅरिसच्या डबर्नी-पेन्यो या ओतशाळेने ते केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसला परत दिले. बाबांनी हे ऐकून फक्त "परत दिले!" एवढंच दोनदा म्हटलं. त्यांच्या छापखान्यात ऑफसेट आलं तेव्हा सगळे खिळे शिशाच्या भावाने, किलोवर गेले होते. त्यातली एक केस बाबांनी भंगारवाल्याच्या टेम्पोतून उतरवून घेतली. ती अजून आमच्या माळ्यावर आहे.

शरीराचं मात्र इतकं बरं झालं नाही. १७८८मध्ये सारा गेली, घर जॉन रायलंडने घेतलं. १७९१च्या जुलैत जोसेफ प्रीस्टली या डिसेंटर शास्त्रज्ञाविरुद्धच्या दंगलीत जमावाने ते जाळलं. तळघरात दारू पीत बसलेले काही दंगेखोर वरचं छत कोसळून तिथेच मेले. शंकूही गेला, आणि खाली कुणी आहे हे लोक विसरले. १८२१मध्ये तिथे कालव्याकाठी खोदकाम करताना मजुरांच्या फावड्याला शिशाची पेटी लागली. उघडली तेव्हा अंगावरचं कापड चांगलं होतं आणि छातीवर लॉरेलची एक फांदी, सुकलेली पण शाबूत. ती फांदी कुणी ठेवली याची नोंद नाही. मी मनात साराचं नाव घालून ठेवलंय.

पुढे ती पेटी कोठारात पडून राहिली, एका नळकाम करणाऱ्याच्या दुकानात लोक ती पैसे देऊन बघायला यायचे, आणि १८२९मध्ये ती गुपचूप क्राइस्ट चर्चच्या तळघरात ठेवली गेली. ते चर्च पाडायचं ठरलं तेव्हा, १८९८ला, तिथून ती वॉरस्टोन लेनच्या दफनभूमीत नेली. ती दफनभूमी चर्च ऑफ इंग्लंडची. म्हणजे ज्या मंतरलेल्या जमिनीला त्याने आयुष्यभर नाकारलं, तिथेच तो आहे.

एका रविवारी मी तिथे गेले. ज्वेलरी क्वार्टरमध्ये, जुन्या वाळूच्या खाणीत अर्धगोलात कोरलेल्या दोन मजल्यांच्या गुहा, तोंडं विटांनी बंद केलेली. त्याचा दगड कुठला हे शोधत मी तासभर फिरले. पाऊस होता, कुणी नव्हतं. परतताना ट्रामने सेंटेनरी स्क्वेअरला उतरले आणि त्या उलट्या अक्षरांना हात लावून घरी गेले.

मे महिन्यात मी पुण्याला गेले. बाबांनी कोरे कागद, टाचण्या, सगळं टेबलावर काढून ठेवलं होतं. स्थावरात आमचा तीन खोल्यांचा फ्लॅट, जंगमात मुदत ठेवी आणि पोस्टातली बचत. ते अर्ध्या तासात उरकलं. आपल्याकडे दोन साक्षीदार पुरतात आणि नोंदणी सक्तीची नाही, पण बाबांना नोंदणी हवी होती. पहिलं कलम काय घालायचं ते मला माहीत होतं. मी लिहिलं, "माझी पत्नी हिचे माझ्याकडे येणे असलेले दोन तोळे सोने," आणि बाबांनी मान हलवली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काहीतरीच," पण तिने ते खोडायला सांगितलं नाही.

खिळ्यांची केस माझ्या नावे. त्यावर आम्ही फार बोललो नाही.

राहिलं शेवटचं. बाबांना देहदान करायचंय, दहावं-तेरावं नको. फॉर्म त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयातून आणला होता, त्यावर घरच्यांच्या सह्या लागतात. मृत्युपत्र पुष्कळदा सगळं आटोपल्यावर उघडलं जातं, म्हणून ही गोष्ट नुसती त्यात लिहून भागत नाही, आधीच सगळ्यांना सांगावी लागते, हे मी त्यांना सांगितलं. बाबा म्हणाले, "सांगीनच. तरी लिही." आणि त्यांनी जुळाऱ्याच्या सवयीने एकेक शब्द सुटा सुटा सांगितला:

"माझ्या निधनानंतर कोणतेही धार्मिक विधी करू नयेत ही माझी स्वतःची इच्छा आहे. माझ्या पत्नीने ती पाळायची आहे. तिने न पाळल्यास या मृत्युपत्राने तिला मिळणारे घरातील सर्व सामान माझ्या मुलीकडे जाईल. याबाबत तिला कोणीही दोष देऊ नये."

मी पेन थांबवलं. "बाबा, अट कशाला? आई करणारच आहे."

"तुझे काका येतील ना दहाव्या दिवशी," बाबा म्हणाले.

नोंदणीच्या दिवशी शेजारचे दोघं साक्षीला आले. ऑफिसात फोटो, अंगठे, सह्या. कारकुनाने मजकूर भराभर वाचला. शेवटच्या कलमाशी आईने हात वर करून त्याला थांबवलं आणि ते पुन्हा, सावकाश वाचायला सांगितलं. त्याने वाचलं. आईने पदर सारखा केला.

"बरोबर आहे," ती बाबांना म्हणाली. "करा सही."